बावीस ग्रॅम

(सिंहगड रस्ता. दोन हजार सात सालातल्या एप्रिलची दुपार. नारायण पेठेतल्या डॉक्टरांकडून तिघं धायरीला घरी निघालेत आणि विठ्ठलवाडीच्या अलीकडं अडकलेत. गाडी अपेक्षाची. चालवतेही तीच, म्हणजे बराच वेळ नुसती स्टिअरिंग धरून बसलीय. शेजारी तिचे वडील रंगनाथ, ज्यांना ती तात्या म्हणते. मागं थोरले चुलते आप्पासाहेब. सकाळपासून कुणी धड जेवलेलं नाही. भांडायचंही कुणात त्राण नाही, तरी भांडण चालू आहे.)

रंगनाथ : गाडी वळव.

अपेक्षा : कुठून वळवू? डिव्हायडरवरून?

रंगनाथ : पुढं वळन हाय. तिथनं वळव अन् चल परत त्या डॉक्टरकडं. घोटाळा केलाय त्यानं.

अपेक्षा : तात्या, आपण आत्ताच तिथून आलो. तुम्हाला त्यांनी तीनदा समजावून सांगितलं.

रंगनाथ : समजावलं न्हाई, टोमना मारला. मी सरळ इचारलं, साहेब, सोनोग्राफीत माजी प्रोस्टेट बावीस ग्रॅम, अन् ह्या दादाची पंच्यान्नव. मग क्यान्सर बावीसवाल्याला कसा? तर म्हनतो, “रंगनाथराव, हा सातबारा नाही. इथे क्षेत्रफळावर काही ठरत नाही.” अन् बोलताना चष्मा पुसत व्हता. मान्साला क्यान्सर सांगताना चष्मा पुसायचा?

आप्पासाहेब : खराब झाला असंल, रंगा.

रंगनाथ : तू गप. तुजंच हाय त्ये. तुजा रिपोर्ट माज्या नावावर चढलाय.

आप्पासाहेब : माजा असंल तर माजा.

अपेक्षा : आप्पा! तुम्ही कशाला त्यांच्या होला हो करताय?

आप्पासाहेब : त्याला बरं वाटतंय का, बघत व्हतो.

रंगनाथ : बघ, दादाला पटतंय. आमचं आडनाव एक, बापाचं नाव एक, पत्ता एक. एकाच आठवड्यात दोघांचे तुकडे काढले, एकाच लॅबला धाडले. तलाठी कचेरीत जलमभर हाच घोळ झाला आमचा. माजा बोजा दादावर, दादाची विहीर माज्या नावावर. तसंच हितं.

अपेक्षा : लॅबमध्ये तलाठी नसतो.

रंगनाथ : मानूस असतोय न्हवं? मग झालं.

अपेक्षा : आप्पांची बायप्सी क्लीन आहे. मागच्या वेळीही क्लीन होती, आताही आहे. त्यांची प्रोस्टेट नुसती वाढलीय. वयानं वाढते. वाढली म्हणजे कॅन्सर नाही.

रंगनाथ : आन् माजी वाढली न्हाई म्हंजे क्यान्सर? ह्यो कुठला न्याय?

अपेक्षा : न्याय नाहीये तो. तसं सरसकटही नाहीये. ऐका, परत सांगते, शेवटचं.

रंगनाथ : शेवटचं म्हनू नगंस.

अपेक्षा : ...बरं. परत सांगते. तुमच्या दोघांची दोन वर्षांपूर्वी रक्ताची तपासणी झाली. आठवतंय? आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये, बिल्डरनं शिबिर ठेवलं होतं तेव्हा. तो पीएसएचा आकडा दोघांचा जवळपास सारखा आला. नऊ.

रंगनाथ : तेच म्हनतोय. दोघांचा सारखा. मग दोघं सारखे.

अपेक्षा : नाही. समजा, एका मंगल कार्यालयातून मोठा आवाज येतोय. आत दोन-अडीचशे माणसं आहेत, त्यामुळे आवाज येणारच. पण तेवढाच आवाज एखाद्या छोट्याशा खोलीतून यायला लागला तर? तुम्ही उठून दार उघडून बघाल की नाही, आत काय चाललंय ते?

आप्पासाहेब : मारामारी चालली असंल.

अपेक्षा : तेच. आप्पांचं कार्यालय आहे, तुमची खोली आहे. प्रोस्टेट मोठी असली की आकडा त्या मोठेपणामुळेही वाढतो. तुमच्याकडे मोठेपणाच नव्हता, मग आकडा कशानं वाढला? तेव्हाच दार उघडून बघायला पाहिजे होतं.

रंगनाथ : शिबिरात कुनी बोललं न्हाई ह्ये.

अपेक्षा : बोलले होते. दोघांनाही स्पेशालिस्टकडे जायला सांगितलं होतं. आप्पा गेले.

रंगनाथ : दादा जानारच की! रातभर उठबस चालू व्हती ह्याची. धार सुटंना. लग्नाला गेला तर आदी मोरी कुठं हाय ते बघायचा. वहिनी कावून गेल्या व्हत्या. मला काय व्हतं? मी रातच्याला पडलो की सकाळीच उठायचो. पोराटोरासारखा मुतायचो.

अपेक्षा : तात्या...

रंगनाथ : डॉक्टरफुडं बोललो तवा न्हाई लाजलीस.

अपेक्षा : लाजले नाही हो. दमलेय. हेच तर म्हणाले ना डॉक्टर. ज्याची मोठी असते त्याला त्रास होतो, तो लवकर येतो, त्याची तपासणी होते. लहानवाल्याला काही जाणवत नाही, तो घरी बसतो. आणि येतो तेव्हा उशीर झालेला असतो.

रंगनाथ : घरी न्हवतो बसलो.

अपेक्षा : हो, माहितीये. तुम्ही पेढे वाटत होतात.

रंगनाथ : पेढे न्हवं. भेळ सांगितली व्हती सगळ्यांना.

आप्पासाहेब : भेळच व्हती. चौकातल्या गाड्यावरची. मलाबी दिली. म्हनला, “दादा, परत ल्हान वाटनी माज्याकडं आली बघ.”

रंगनाथ : मग? खोटं व्हतं का? शिबिरातच सोनोग्राफीवाल्यानं रिपोर्ट दिला. तुजं पंच्यान्नव, माजं बावीस. मी म्हनलं, जलमभर ल्हान्यानंच मला तारलंय. ह्येबी तसंच.

अपेक्षा : ही जमिनीची गोष्ट आता नको, प्लीज.

रंगनाथ : का नगं? तू ज्या गाडीत बसलीस ती त्या जमिनीची हाय.

अपेक्षा : गाडी माझ्या पगाराची आहे.

रंगनाथ : अन् शिक्षान?

अपेक्षा : ...सांगा. तसंही समोरचा टेम्पो हलत नाहीये.

रंगनाथ : आमच्यात रीत हाय. थोरल्यानं वाटन्या पाडायच्या, अन् धाकट्यानं आदी उचलायची. म्हंजे थोरला पाडताना लबाडी करत न्हाई. दादानं पाडल्या. एक वरची, टेकडीच्या अंगाला. विहीर, आंबे, दांडगं रान. दुसरी खाली, सडकंला. चिंचोळी, नुसत्या बाभळी, शेळीबी फिरायची न्हाई तिथं. मी ल्हान उचलली.

आप्पासाहेब : आई रडली व्हती.

रंगनाथ : आख्खं गाव हसलं. रंगा खुळा झाला म्हनले. दादानं तर मला बाजूला घेतलं. म्हनला, “रंगा, परत उचल, मी कुनाला सांगत न्हाई.” म्हनला व्हतास का न्हाई?

आप्पासाहेब : म्हनलो व्हतो.

रंगनाथ : मी म्हनलं, न्हाई. ल्हान ते आपलं. पुढं गाव कार्पोरेशनात गेलं. सडक रुंद झाली. कंपन्यांतली पोरं घरं हुडकत आली, त्यांच्यामागं बिल्डर आला. बाभळी गेल्या, सात मजले उभे ऱ्हायले. अन् दादाच्या टेकडीवर आरक्षान पडलं. झाडं लावायची म्हने. तिथं वीटसुदीक ठेवायची न्हाई.

आप्पासाहेब : आंबे चांगले येतात पन.

रंगनाथ : येतात की. मीच खातो निम्मे.

अपेक्षा : झालं? म्हणून तुम्ही दोन वर्षं डॉक्टरकडे गेला नाहीत. जमिनीचा एक तुकडा नशिबानं चांगला निघाला म्हणून.

रंगनाथ : नशिबानं न्हवं. मला कळत व्हतं.

अपेक्षा : रस्ता कळत असेल तात्या. शरीर नाही कळत.

रंगनाथ : तुला कळत व्हतं का? तू अमेरिकेत व्हतीस. मी फोनवर सांगितलं, बावीस हाय, ल्हान हाय. तू काय म्हनलीस? “वॉव तात्या, भारी.” म्हनलीस का न्हाई?

अपेक्षा : म्हणाले.

रंगनाथ : मग?

अपेक्षा : मग काही नाही. म्हणाले. तिकडे सकाळ होती, मी ऑफिसला निघाले होते. तुम्ही खूश होतात, म्हणून मीही खूश झाले. तो नऊचा आकडा तुम्ही सांगितलाच नाहीत.

आप्पासाहेब : पोरीवर नगं ढकलू, रंगा.

रंगनाथ : ढकलत न्हाई. नुसतं म्हनलं.

अपेक्षा : या वर्षी कंबर धरली तुमची. तेव्हाही तुम्ही म्हणालात, पोतं उचललं. कुठलं पोतं? पंधरा वर्षांत तुम्ही पोतं उचललेलं मी पाहिलं नाही. मी मागे लागले म्हणून आकडा काढला, तर एकतीस. आणि बायप्सीत ग्रेड आठ.

रंगनाथ : दहापैकी आठ. शाळंत मला कधी आठ पडले न्हाईत.

अपेक्षा : हसू नका.

रंगनाथ : मग काय करू? हितं गाडीत रडू? ती शेजारची बाई बघतीया स्कूटीवरनं.

आप्पासाहेब : उन्हानं डोळं बारीक केलंत तिनं. तिचं ध्यान न्हाई.

रंगनाथ : हे बघ अपू. माजं ठरलंय. उद्याच्याला मी त्या हाडाच्या स्कॅनला येनार न्हाई. डॉक्टरनं सांगितलेलं ते हार्मोनचं इंजेक्शनबी नगं. आदी त्यांनी रिपोर्ट सुदारून द्यावा. दादाचं दादाला, माजं मला. मग बघू.

अपेक्षा : मी रजा टाकलीय उद्याची.

रंगनाथ : काढून घे.

अपेक्षा : अपॉइंटमेंट मिळवायला मी किती फोन केले, माहितीये तुम्हाला?

रंगनाथ : मी सांगितलं व्हतं का?

अपेक्षा : नाही. तुम्ही काहीच सांगत नाही. तुम्ही नुसतं उचलता आणि चालायला लागता, आणि मागे आम्ही... मला आज सहाला कॉल आहे, तात्या. क्लायंटसमोर हसून बोलायचंय. काल होता, परवा होता. रोज हसते मी. मला झोप नाहीये. डोळे मिटले की तुमची पाठ दिसते, जिन्यावरून उतरताना कठडा धरता ना, ती. आणि तुम्ही इथे जमिनीची गोष्ट सांगताय. मी नाही भांडू शकत आता. नका येऊ. खरंच, नका येऊ. मी आप्पांना घेऊन जाते आणि त्यांनाच ते इंजेक्शन देते, मग तर झालं?

आप्पासाहेब : अपू, पानी पी. बाटली मागं हाय, घे.

अपेक्षा : नको.

आप्पासाहेब : घे गं. घोटभर.

रंगनाथ : मी काय वाईट म्हनलो? नुसतं एकदा परत बघा म्हनलो. चूक व्हतीय मान्साच्या हातनं.

आप्पासाहेब : बघितलंय.

रंगनाथ : कुनी?

आप्पासाहेब : मी. काल गेलतो लॅबमंदी.

अपेक्षा : तुम्ही? कसे? काल तर तुम्ही बँकेत गेला होतात. काकू म्हणाल्या.

आप्पासाहेब : तुज्या काकूला तसंच सांगितलं. आपल्या गल्लीतल्या रतनच्या रिक्षातनं गेलो. वाटंत दोनदा थांबाया लागलं मला, ते निराळं. रिपोर्ट आल्या दिवशीच तू मला सांगितलंस, की आप्पा, तुमचं बरं निघालं, तात्यांचं वाईट. तवापसनं मला एकच वाटत व्हतं. ह्या रंगाला आत्ता वाटलं तेच. अदलाबदल झाली असंल.

रंगनाथ : मग? काय म्हनले?

आप्पासाहेब : एक मॅडम व्हत्या. तुज्याएवढ्याच, अपू. मी म्हनलं, बाई, आमचं आडनाव एक हाय, बापाचं नाव एक हाय. नीट बघा. त्या चिडल्या न्हाईत. आत नेलं मला. काचा काढल्या दोघांच्या. रंगा, तुजी बाटली निराळी, माजी निराळी, नंबर निराळे. मला दुर्बिणीतनंबी बघू दिलं.

रंगनाथ : तुला काय कळतंय दुर्बिणीतलं?

आप्पासाहेब : काय कळायचंय. जांभळं जांभळं दिसत व्हतं. पन त्या म्हनल्या, काका, मी दोनदा बघितलंय, माज्या सरांनी एकदा बघितलंय. ही काच रंगनाथ यांचीच. तुकडेबी मोजून दाखवले. माज्या बाटलीत जास्त व्हते, तुज्या बाटलीत कमी. डॉक्टरनं काढले तेवढेच.

रंगनाथ : पक्कं?

आप्पासाहेब : पक्कं.

रंगनाथ : मग मघापसनं “माजा असंल तर माजा” का म्हनतोस?

आप्पासाहेब : मला वाटलं, घरापतूर तरी तुला तसं वाटू द्यावं.

अपेक्षा : आप्पा, मला तरी सांगायचं.

आप्पासाहेब : तुला काय सांगू, पोरी? की मी लॅबमंदी जाऊन म्हनलो, बाई, बदलता येतंय का?

रंगनाथ : काय म्हनलास?

आप्पासाहेब : येडा हाय मी. तोंडातनं गेलं. म्हनलं, मी शहात्तरचा हाय, माजी सगळी कामं झाली. त्याच्या लेकीचं अजून लगीन व्हायचंय. माजं नाव टाकता येतंय का त्यावर?

रंगनाथ : अन् त्या काय म्हनल्या?

आप्पासाहेब : काय म्हननार? चहा सांगितला माज्यासाठी.

रंगनाथ : प्यालास?

आप्पासाहेब : प्यालो. बिनसाखरंचा व्हता.

रंगनाथ : ...टेम्पो हलला बघ, अपू. घे पुढं.

अपेक्षा : घेते.

रंगनाथ : सावकाश. घाई न्हाई.

अपेक्षा : डॉक्टर म्हणाले, इलाज आहे तात्या. ऐकलंत ना तुम्ही? मुळापासून जाईल असं नाही म्हणाले. पण आवरता येतं म्हणाले, वर्षानुवर्षं. हाडात गेलंय का ते आधी बघायचं. उद्या तेवढंच.

रंगनाथ : ऐकलं. मी नुसता चष्म्याकडं बघत न्हवतो.

आप्पासाहेब : रंगा, तुला मी तवाबी म्हनलो व्हतो. परत उचल, मी कुनाला सांगत न्हाई.

रंगनाथ : ह्यात परत उचलाय येत न्हाई, दादा.

आप्पासाहेब : न्हाई येत. पन रीत तरी नीट पाळायची. उचलायचं आदी धाकट्यानं. जायचं आदी थोरल्यानं. तू पयलं केलंस. आता दुसरं मोडू नगंस.

रंगनाथ : मोडायचं का न्हाई ते मी कोन ठरवनार? माज्या हातात हाय का ते?

आप्पासाहेब : उद्याच्याला जायचं तुज्या हातात हाय. तेवढं कर. बाकीचं मी म्हनतच न्हाई.

रंगनाथ : ...अपू, उद्या काय काय करायचं असतंय तिथं? उपाशी जायचं का?

अपेक्षा : नाही, उपाशी नाही. आधी एक सुई देतात, मग दोन-तीन तास बसायचं. भरपूर पाणी प्यायचं आणि सारखं लघवीला जायचं. मग मशीनखाली झोपायचं. दुखत नाही.

रंगनाथ : सारखं लघवीला जायचं?

अपेक्षा : हो. सांगितलंय तसं.

रंगनाथ : म्हंजे एक दिवस दादा व्हायचं.

आप्पासाहेब : मग कळंल तुला, माजं काय व्हत व्हतं त्ये. लग्नात मी मोरी हुडकायचो तवा हसत व्हतास.

रंगनाथ : तू ये बरुबर. मोरी कुठं हाय ते तुला आदी कळतंय.

आप्पासाहेब : येतो की. न्हाई म्हनलो का?

अपेक्षा : सातला निघायचं. त्यानंतर हा रस्ता परत असाच होतो.

आप्पासाहेब : मी उठलेलाच असतोय. मी उठवतो त्याला.

रंगनाथ : वहिनींना आज काय सांगायचं?

आप्पासाहेब : जेवल्यावर सांगू. आदी जेवू दे बिचारीला. आपल्यासाठी थांबली असंल.

अपेक्षा : मी सांगते काकूंना. तुम्ही दोघं नका बोलू, परत जमिनीवर जाल.

रंगनाथ : अपू.

अपेक्षा : हं?

रंगनाथ : तू सहाचा तो कॉल घे. हसून बोल. मी वर यायचा न्हाई, टीव्ही मोठा लावायचा न्हाई.

अपेक्षा : लावा थोडा. घरात आवाज नसला की मला भीती वाटते.

आप्पासाहेब : पूल आला. आता सुटंल गर्दी.

रंगनाथ : दादा.

आप्पासाहेब : काय?

रंगनाथ : सकाळी तू दार उघडत व्हतास, अन् मी मधनंच घुसून पुढं बसलो.

आप्पासाहेब : बसतोसच तू. ल्हानपनी बैलगाडीतबी तसंच. त्यात काय?

रंगनाथ : उद्या तू पुढं बस. मी मागं बसतो.